खुराड्याची रात्रपाळी : घणसोली गावठाणातल्या नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

रात्रीत दोन कोंबड्या गेल्या. एक गावठी तलंग, नुकतीच अंड्यावर आलेली, दुसरी गिरिराज जातीची. दोन्ही खुराड्याच्या आतच पडलेल्या. दाराची कडी लावलेली, जाळी कुठे फाटलेली नाही, जमीन उकरलेली नाही.

शेजारचे काका बघताक्षणी म्हणाले, "कोल्हाच. खाडीकडनं येतात. रात्री ओरडतात ते ऐकलं नाय का?"

आई म्हणाली, "कोल्हा आत शिरला असता तर कोंबडी टाकून गेला असता का?"

आईच्या बोलण्यात तथ्य होतं. म्हणून पुरण्याआधी दोन्ही कोंबड्या नीट पाहिल्या. तलंगेचं डोकंच नाही, मान मुळापर्यंत चावलेली. गिरिराजच्या मानेवर दातांच्या बारीक खुणा, छातीचं मांस एका बाजूने खाल्लेलं. पिसं सगळी बसायच्या दांडीखाली, अंगणात एकही नाही. म्हणजे जे कोण होतं ते आत येऊ शकलं, पण अडीच-तीन किलोची कोंबडी घेऊन बाहेर पडू शकलं नाही. वाट अरुंद आहे आणि बहुतेक वर आहे, कारण दोघी दांडीच्या पत्र्याकडच्या टोकाला बसायच्या.

खुराडं वडिलांच्या हातचं. आठ फूट बाय चार फूट, खाली दोन फूट विटांची भिंत, वर षटकोनी कोंबडी जाळी, त्यावर सिमेंटचा नाळीदार पत्रा. भिंत, जाळी, दार सगळं अजून मजबूत आहे. पण ते बांधलं तेव्हा मागे भातशेती होती. आता मागे चार मजली इमारत आहे, तिच्या केबल आमच्या पत्र्यावरून जातात.

दोन्ही कोंबड्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. वास राहिला की आणखी कोणीतरी उकरायला येतं. उरलेल्या नऊ आणि कोंबडा आजपासून रात्री पडवीत, डालग्याखाली. कोण येतं ते कळेपर्यंत खुराड्यात कोणी झोपणार नाही.

२० ऑक्टोबर

चुलीची राख चाळणीने चाळून तीन ठिकाणी पसरली: दाराबाहेर, मागच्या भिंतीच्या कडेने, आणि भिंतीच्या माथ्यावर पत्र्याखाली. जाड थर नको, बोटाचा ठसा स्पष्ट उठेल एवढाच. रांगोळीही चालते, पण दव पडलं की तिचे गोळे होतात.

२२ ऑक्टोबर

राखेत बरंच काही उमटलंय.

दाराबाहेर मांजर: गोल पाऊल, चार बोटं, नखांची खूण नाही. मांजर चालताना नखं आत घेतं. भिंतीच्या कडेने घूस, शेपटी ओढल्याची रेघही आहे. एका कोपऱ्यात कुत्र्यासारखं पाऊल, पण अरुंद, लांबट, पुढच्या दोन बोटांची नखं जवळजवळ. हे कोल्ह्याचं असू शकतं. फक्त ठशावरून कुत्रा की कोल्हा हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, गावातलं एखादं हडकुळं कुत्रंही असंच पाऊल टाकतं.

महत्त्वाचं भिंतीच्या माथ्यावर सापडलं. छोटं पाऊल, पाच बोटं. कुत्रा, कोल्हा, मांजर यांच्या ठशात चार बोटं दिसतात; पाच दिसली की मुंगूस किंवा उदमांजराकडे बघायचं. मुंगूस दिवसा फिरतं, आमच्या कोंबड्या रात्री गेल्या.

मग शिडी लावून पत्रा पाहिला. नाळ जिथे भिंतीवर टेकते तिथे प्रत्येक उंचवट्याखाली फट आहे, चार बोटं आडवी जातील एवढी. हवा खेळती राहावी म्हणून ती ठेवलेली. शेजारच्या इमारतीच्या कठड्यावर वाळलेली विष्ठा, तीत पपईच्या काळ्या बिया. उदमांजर फळं खातं, त्याच त्या जागी घाण करतं आणि बिया जशाच्या तशा बाहेर पडतात. उंदीर, किडे, अंडी, कोंबडीही खातं. दोन ते पाच किलोचं जनावर, अंग सडपातळ, आणि जिथून डोकं जातं तिथून बाकीचं अंगही काढतं.

आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मसण्याऊद. गेल्या वर्षी पपया तोच खायचा."

पुरावा चांगला आहे, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी जाळीला हात लावणार नाही. भलतीच फट बुजवली तर खरी उघडीच राहील.

२६ ऑक्टोबर

घरातला जुना वायफाय कॅमेरा बाहेर काढला. इन्फ्रारेड दिवे आहेत, मेमरी कार्ड आहे, तेवढं पुरे. पडवीच्या खांबावर सात फुटांवर बसवला. चौकटीत पत्र्याची मागची कड, दार आणि जमिनीचा एक पट्टा.

भाच्याचं म्हणणं होतं की तो एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्डवाला कॅमेरा देतो, चारशे-पाचशे रुपयांचा, प्रोग्रॅम करता येतो. त्याने आणला, रात्री लावून पाहिला, चित्र काळंकुट्ट. त्या बोर्डाबरोबर येणाऱ्या लेन्सवर इन्फ्रारेड अडवणारी काच असते, त्यामुळे बाहेरून कितीही इन्फ्रारेड टाका, त्याला दिसत नाही. तशी काच नसलेला सेन्सर वेगळा मिळतो. तो त्याच्या कॉलेजच्या प्रकल्पाला ठीक आहे, इथे आज रात्रीच उत्तर हवंय.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

कार्ड भरलं. जवळजवळ सगळ्या क्लिपा पतंगांच्या, थोड्या पालींच्या, आणि एका कोळ्याने थेट लेन्ससमोर जाळं विणलंय. दिवे लेन्सभोवतीच असल्यामुळे कीटक तिथेच जमतात, जवळून गेलेला प्रत्येक किडा पांढरा गोळा होऊन दिसतो आणि कॅमेरा जागा होतो.

उपाय केला: कॅमेऱ्याचे स्वतःचे दिवे बंद, आणि वेगळा इन्फ्रारेड दिवा आठ फूट बाजूला शेवग्याच्या खोडाला. किडे आता दिव्याकडे जातात, कॅमेरा मोकळा. दिवा ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा आहे, अंधारात जवळून पाहिलं तर मंद लाल ठिपका दिसतो. ९४० चा घेतला तर तेवढंही दिसत नाही, पण उजेड कमी अंतरावर पोचतो. आमच्या अंगणाला ८५० बरा.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

फटाके. कॅमेऱ्यात धूर आणि माणसं. कोंबड्या घाबरून दिवसभर गप्प, अंडं एकच.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

कोल्हा आला. रात्री बाराचे पन्नास.

बांधाच्या बाजूने कुंपणाखालून शिरला. कुत्र्यापेक्षा पाय बारीक, शेपूट खाली लोंबती, टोकाला काळी. घाई अजिबात नव्हती. नाक जमिनीला लावून पूर्ण खुराड्याला फेरी मारली, मागच्या कोपऱ्यात थांबला, पुढच्या पायाने माती दोन-तीनदा उकरली, वीट लागली, सोडून दिलं. जाताना पाण्याच्या भांड्यातून प्यायला. काकांना क्लिप दाखवली. "बघ, सांगितलं होतं!" म्हणाले. पण त्याने पत्र्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

घणसोली, ऐरोली, वाशी, खारघर या सगळ्या पट्ट्यात कांदळवनात सोनेरी कोल्हे आहेत. नवी मुंबई उभी राहायच्या कितीतरी आधीपासून आहेत. खेकडे, मासे, उंदीर, घूस, गावाच्या कडेचा कचरा, यांवर जगतात.

वेळेवरून एक सुचलं. परवा अमावास्या झाली, म्हणजे उधाणाचे दिवस. इथले मासेमारी करणारे भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की तास येतो. प्रतिपदेला पाऊण वाजता, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. काल रात्री प्रतिपदेची भरती पाऊणच्या सुमारास, खाडीत आत थोडी उशिरा. कांदळवनात पाणी भरलं की कोल्ह्याला कोरडी जागा म्हणजे बंधारा, आणि बंधाऱ्यावरून गावठाण चालत दहा मिनिटांवर. या कल्पनेवर पुढच्या पौर्णिमेला लक्ष ठेवायचं.

९ नोव्हेंबर

सापडलं.

पहाटे दोन चाळीस. आधी फक्त केबल हलताना दिसते. मग इमारतीच्या कठड्यावरून ते केबलवर येतं, लांब शेपटीने तोल धरत, एकेक पाऊल तपासत. पत्र्यावर उतरतं, उताराने खाली येतं, कडेला पोचल्यावर पोटावर झोपून डोकं खाली घालतं. नाळीच्या तिसऱ्या उंचवट्याखालची फट नाकाने हुंगतं. डोकं आत. मग खांदे, एक पुढे एक मागे असे तिरके. मग सगळं अंग ओघळल्यासारखं आत, शेवटी शेपूट. कपात चहा ओतायला लागतो तेवढाही वेळ त्याला फटीत शिरायला लागला नाही.

आत रिकामी दांडी. थोड्या वेळाने तिथूनच बाहेर आलं, कठड्यावर परत गेलं.

चेहऱ्यावरचा काळा मुखवटा आणि पाठीवरचे पुसट पट्टे स्पष्ट आहेत. साधं उदमांजर. मी ती क्लिप कितीतरी वेळा पाहिली. आमच्या दोन कोंबड्या मारणारं जनावर हेच, तरी त्याची ती चाल बघत राहावीशी वाटते. केबलवरून, कठड्यावरून, एवढ्या दाटीतून त्याने स्वतःची वाट शोधलीय.

आज अष्टमी, भरती सहाला, मध्यरात्री ओहोटी. कोल्हा आला नाही.

१० नोव्हेंबर

गावातल्या एकाने पिंजरा देऊ केला. दुसऱ्याने अंड्यात औषध घालून ठेवायला सांगितलं. दोघांनाही नाही म्हटलं, आणि का ते समजावून सांगितलं. उदमांजर, कोल्हा, मुंगूस, धामण, या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. धरणं, मारणं, विष घालणं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी उपयोग शून्य. फट उघडी आहे तोवर एक गेलं की त्या मोकळ्या जागेत दुसरं येणार. विषाचं अंडं तर शेजारच्या कुत्र्याच्या किंवा पोराच्या हाती लागायला वेळ लागत नाही.

जनावर जखमी असेल, विहिरीत पडलं असेल, घरात अडकलं असेल तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. हा नंबर पडवीच्या भिंतीवर खडूने लिहिला.

१६ नोव्हेंबर

काल त्रिपुरी पौर्णिमा. रात्री साडेबारानंतर कोल्हा, या वेळी दोन. भरतीचा अंदाज बरोबर बसला. दोघांनी तोच कोपरा हुंगला. खालची बाजूही आता लांबवून चालणार नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

कामाचा दिवस. रबाळ्याच्या एका वेल्डरला बोलावलं होतं, त्याने स्वतःच माल आणला: अर्धा इंची चौकोनी वेल्डमेश (तारा जोडावर वेल्ड केलेली कडक जाळी), १६ गेज, गॅल्वनाइज्ड म्हणजे जस्ताचा थर दिलेली. षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रा दाताने ओढून ती उसवतो, उंदीर आरपार जातो, आणि मांजर पंजा घालून जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीची मान ओढतं. जुनी जाळी काढली नाही, तिच्यावरून बाहेरून नवी मारली.

पत्र्याखालची फट सगळ्यात नाजूक. वेल्डर म्हणाला सिमेंटने भरून टाकू, पाच मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. आपल्या हवेत बंद खुराड्यात विष्ठेचा अमोनिया साठतो, डोळे चुरचुरतात, कोंबड्यांना सर्दी धरते. वारा हवाच. म्हणून मेशच्या सहा इंची पट्ट्या कापल्या, प्रत्येक नाळीच्या आकाराने हातोडीने वाकवल्या, वरची कड पत्र्याच्या बोल्टखाली दाबली आणि खालची भिंतीत प्लग मारून रुंद वायसरसकट स्क्रूने आवळली. यू-खिळ्यांवर भरवसा नाही. दोन पावसाळ्यांत लाकूड फुगतं आणि ते आपोआप बाहेर येतात. एकेक नाळ करत दुपार गेली. शेवटी मी आत शिरून दार लावून घेतलं आणि बाहेरचा उजेड कुठून कुठून येतो ते पाहिलं. मेशच्या चौकटींशिवाय कुठूनही नाही.

खाली वेगळी युक्ती. जाळी जमिनीत उभी पुरण्याऐवजी भिंतीच्या पायथ्यापासून बाहेर दोन फूट आडवी पसरली, विटांना पक्की केली, वर चार बोटं माती. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी मुळाशी सुरुवात करतं, तिथे नखाला जाळी लागते, आणि दोन फूट मागे सरून तिथून बोगदा काढावा हे त्याला सुचत नाही. चर खणायची मेहनतही वाचते.

दाराला कडी होतीच, आता कडीत फिरकीचा हूक. दांडी जाळीपासून दीड फूट आत घेतली. मजुरीसकट साडेसहा हजार.

संध्याकाळी कोंबड्या परत खुराड्यात. नव्या जागची दांडी त्यांना पटेना, अंधार पडेपर्यंत खाली कुरकुरत फिरत होत्या. आईने एकेक उचलून बसवली.

१८ नोव्हेंबर

दोन दहाला उदमांजर. तिसऱ्या नाळीपाशी नाक लावलं, मग चौथी, पाचवी, असं कडेपर्यंत सगळ्या तपासल्या. परत पहिल्यापासून. पुढच्या पंजाने मेश ओढून पाहिली. हलली नाही. आत कोंबड्या दांडीवर, एकही उठली नाही. गेलं.

हे बघून छातीवरचं ओझं उतरलं.

२४ नोव्हेंबर

भाच्याच्या आग्रहाखातर हालचालीवर पेटणारा दिवा आठवडाभर लावून पाहिला. पहिल्या रात्री उदमांजर दचकून परतलं. तीन-चार रात्रींत सवय झाली, दिवा पेटल्यावर त्याच उजेडात निवांत बसून अंग चाटत होतं. शिवाय हे सेन्सर अंगाच्या आणि आसपासच्या उष्णतेतला फरक ओळखतात. दिवसभर तापलेल्या भिंतीसमोर रात्रीच्या पहिल्या प्रहरी तो फरक कमी पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये तर आणखी. भोंग्याचा विचारही केला नाही, गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं आहेत. दिवा काढला.

१ डिसेंबर, अमावास्या

घुशींचा बंदोबस्त बाकी होता. रात्री खाद्य उघडं राहिलं की घूस येते, घुशीमागे धामण येते आणि नागही येऊ शकतो. आता खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, भांडी सूर्यास्तानंतर उचलायची, अंडी संध्याकाळी शेवटची फेरी मारून गोळा करायची. अंडं मागमूस न ठेवता गेलं, टरफलाचा तुकडाही नाही, तर आधी सापाचा संशय घ्यायचा. तो अख्खं गिळतो. अशा वेळी काठी नाही, सर्पमित्र.

उंदराचं औषध घालणार नाही. कॅमेऱ्यात आता मधूनमधून गव्हाणी घुबड दिसतं, शेवग्यावर बसून खाली बघत असतं. औषध खाल्लेला उंदीर त्याने खाल्ला तर तेही मरतं. घुशींच्या बंदोबस्ताचं काम ते फुकटात करतंय.

१५ डिसेंबर

दाराला टायमर आणि छोटी बारा व्होल्टची मोटर. उजेडावर चालणारा सेन्सर घेतला नाही: मागच्या गल्लीतला पथदिवा थेट दारावर पडतो, आणि पावसाळ्यात ढग आले की चार वाजताच अंधारून येतं. टायमरची वेळ मात्र बदलत राहावी लागते. आत्ता सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातच्या पुढे जाईल. दार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने पडतं. तोवर कोंबड्या आपणहून आत गेलेल्या असतात, तरी आई रोज मोजते. मोजावंच; बाहेर राहिलेल्या एका कोंबडीला बंद दाराचा काही उपयोग नाही.

हा संधिप्रकाशाचा अर्धा तास रात्रीपेक्षा धोक्याचा, आणि तेव्हा भीती रानातल्या जनावराची कमी, गल्लीतल्या कुत्र्यांच्या टोळीची जास्त. कुत्री भुकेने मारतात असं नाही, पळणारं काही दिसलं की मागे लागतात आणि मिळेल तेवढं लोळवून टाकून जातात. चार-पाच कोंबड्या अंगणभर विखुरलेल्या आणि फारशा न खाल्लेल्या दिसल्या तर कुत्राच. मागचं फाटक आता चारपासून बंद.

२९ डिसेंबर

काकांच्याही दोन कोंबड्या गेल्या, दिवसाढवळ्या. मला बोलावलं. मानेवर बारीक चावे, कुंपणाखाली गवतातून गेलेली वाट, वेळ दुपारची. मुंगूस. त्यांच्याकडे राख टाकून आलो, ठसे मिळाले की जाळी कुठे लावायची ते दोघं मिळून ठरवू. "कोल्हा नाय म्हणतोस?" त्यांनी दोनदा विचारलं.

१९ जानेवारी २०२५

उरण तालुक्यात चिरनेरला बर्ड फ्लू आल्याची बातमी. गावात घबराट. एक गोष्ट सगळ्यांना सांगतोय: कोंबडी जखमेशिवाय मेली, किंवा एकापाठोपाठ एक मान टाकायला लागल्या, तर तिथे ठसे शोधत बसायचं नाही. हात लावायचा नाही, चिरायची नाही, पुरायचीही घाई नाही. सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. खुराड्याच्या पत्र्यावर कावळे-कबुतरं बसू नयेत म्हणून खाद्य-पाणी आता सगळं छपराखाली.

२ फेब्रुवारी

देखभालीची तपासणी. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने मेशच्या कापलेल्या टोकांना पांढरी बुरशीसारखी भुकटी धरलीय, तीन-चार ठिकाणी तांबूस ठिपके. कापताना जस्ताचा थर तुटतो, गंज तिथूनच सुरू होतो. टोकांना झिंकचा रंग मारला. दक्षिणेकडच्या दोन पट्ट्या पावसाळ्याआधी प्लास्टिकचा लेप असलेल्या मेशने बदलायच्या. वेल्डरला मेच्या दुसऱ्या आठवड्याचं सांगून ठेवलंय. पत्र्याच्या सहाव्या नाळीवरचा एक बोल्ट ढिला होता, आवळला.